अष्टमीची बोट

४ ऑक्टोबर १९३६, रविवार

“वाच हो खुशाल, पण वाचलंस, हे चेहऱ्यावर दिसू देऊ नकोस.”

सासूबाईंचं हे वाक्य आज अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा आठवलं. लग्न होऊन या घरी आले त्याला आठ दिवस झाले होते. फोडणीसाठी मोहरीची पुडी सोडली आणि पुडीचा कागद वाचत उभी राहिले. तेल जळलं. सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कढई खाली उतरवली आणि हळूच हे सांगितलं. त्या स्वतः वाचत असत की नाही, हे त्या गेल्या तरी मला कळलं नाही. इतका त्यांचा चेहरा तयार होता.

माझाही झाला. या चेहऱ्यानेच मला तालुका बोर्डात नेलं. अडीच वर्षांपूर्वी सरकारला बोर्डावर एक बाई नेमायची होती. अध्यक्ष रावसाहेब कचेरीत आमच्या यांना म्हणाले, “दिघे, तुमच्या घरची मंडळी शांत आहेत म्हणतात.” यांनी मान्य केलं. मी नेमले गेले. माझी खुर्ची दप्तराच्या कपाटाशेजारी असते. आजवर मी सभेत चौदा वेळा बोलले, चौदाही वेळा आभार मानायला, आणि चौदाही वेळा वाक्य तेच होतं.

आज हे लिहायला बसले त्याचं कारण सगुणा. ठमी कोळीण गेली वीस वर्षं आमच्याकडे म्हावरं घालते. सगुणा तिची सून. सकाळी ओहोटीच्या वेळी पलीकडून होडी आली. आमच्या बंदराला धक्का नाही. पाणी ओसरलं की होडी लांबच थांबते आणि मधला चिखल पायी तुडवावा लागतो. सगुणा डोक्यावर पाटी घेऊन मांडीभर चिखलातून येत होती, ती घसरली. उजवा हात मनगटाशी मोडला. तिच्या तळपायांत कालवांच्या कपच्या घुसल्या होत्या, त्या मी परसात बसून काढल्या. ठमी शेजारी उभी होती. म्हणाली, “वैनीबाय, तुमी त्या बोर्डान बसतं ना?”

“बसते.”

“मग तितं नुसतं बसतं काय?”

मी म्हटलं, धक्क्याचं मी बघते. बोलून गेले खरी.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

यांच्या कपाटातून पुढारीपणावरचं एक जाड पुस्तक काढलं आहे. त्यात पुढाऱ्याची चाळीस लक्षणं दिली आहेत. माझ्यात तीन निघाली: थोडक्या अन्नावर राहणे, अल्प निद्रा आणि अपमान गिळणे. घरातल्या कुठल्याही सुनेत ही असतातच. मग इतक्या पुढारी बायका आपल्याला दिसत का नाहीत, ते पुस्तकात दिलेलं नाही.

दुपारी ठमी आली. आमचा नेम ठरलेला आहे. मुंबईचं वर्तमानपत्र बोटीने दोन दिवसांनी शिळं होऊन येतं. आधी हे वाचतात, मग ते माझ्याकडे येतं, आणि मी परसात पाटावर बसून ठमीला मोठ्याने वाचून दाखवते. ती बोंबील साफ करीत ऐकते. तिला राजकारणाची भारी गोडी. आज कौन्सिलच्या निवडणुकीची बातमी होती. रावसाहेबही उभे राहणार असं दिसतं. मग मी तिला त्या चाळीस लक्षणांतली पहिली दहा वाचून दाखवली. “वक्तृत्व हा पुढाऱ्याचा अलंकार होय” इथपर्यंत आले तेव्हा तिने सुरी थांबवली.

“ह्यो पुडारी होडीन कदी बसलाय काय?”

“का गं?”

“आमचा तांडेल बोलत न्हाय. तो पान्याकडं बगतो. बोलला की समजायचं, आता बुडतोय.”

तिचा नवरा हिरामण कोळीवाड्याचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या आहे. वीस वर्षांत मी त्याचा शब्द ऐकलेला नाही. मला वाटे, ठमी त्याला बोलू देत नाही.

१८ ऑक्टोबर, रविवार

काल बोर्डाची सभा झाली. सगळे चहाला उठले आणि कारकून अनंता डुलक्या काढत होता, तेव्हा शेजारचं कपाट उघडून मी बंदराचं दप्तर काढलं. अडीच वर्षं ते माझ्या कोपराशी होतं. धक्क्याचा अर्ज अकरा वर्षांपूर्वीचा आहे. त्यावर अकरा शेरे: “पुढील सभेत विचार व्हावा.” तीन शेरे तर मी ज्या सभांत आभार मानले त्या सभांतले आहेत. म्हणजे धक्का पुढे ढकलल्याबद्दल मीच तीनदा आभार मानले.

बोर्डाची मुदत फाल्गुनात संपते. नवं बोर्ड आलं की जुने अर्ज बाद होतात. मुदतीआधी कामं मंजूर करणारी शेवटची सभा ३० नोव्हेंबरला आहे. तेव्हा झालं तर झालं. रावसाहेबांच्या मनात आल्याशिवाय तिथे पानही हलत नाही. आणि त्यांच्या मनात धक्का यायचा कसा? ते कधी आलेच तर गुणाजी खलाशाच्या खांद्यावर बसून येतात. गावातली सगळी पुरुषमंडळी तशीच उतरते. चिखल लागतो तो फक्त बायकांना आणि गुणाजीला.

ठमीला दप्तरातलं सगळं सांगितलं. तिने बोटं मोजली. “अकरा वरीस ओहोटी? समिंदर बी इतकी लावीत न्हाय.”

मग सुरी पुसत तिने विचारलं, “रावसायेब आपल्या गावान कवा येनार?” मी म्हटलं, वाचनालय उघडायला त्यांना बोलवायचं घाटतंय. “बोलवा, बोलवा,” ती म्हणाली. “चांगला मानूस हाय. यावा.” मनाची फार मोठी आहे ठमी. मला तर त्या वेळी रावसाहेबांचा रागच आला होता.

१ नोव्हेंबर, रविवार

आज माझी सूचना मान्य झाली! आयुष्यातली पहिली. वेळ लिहून ठेवते: संध्याकाळचे साडेपाच.

आमच्या पडवीत वाचनालयाची कमिटी बसली होती. हे चिटणीस, शिवदास गुरुजी आणि दुकानवाले दयाराम शेट. रावसाहेब निवडणुकीच्या कामाने मुंबईला असणार आणि तिथून बोटीने येणार, तर दिवस कोणता धरायचा, यावर दोन तास चर्चा चालली होती. मी चहा घेऊन आत-बाहेर करीत होते. परसात ठमी होती. तिला सहज म्हटलं, यांना तारीख सापडत नाही.

ती म्हणाली, “कार्तिकातली अष्टमी बरी, वैनीबाय. आयतवार हाय. बोट बाराला येते. आनि अष्टमीला उधान न्हाय, पानी कसं निवांत असतं. सायेबाला मळमळ व्हयाची न्हाय.”

मी बाहेर जाऊन म्हटलं, “कार्तिक शुद्ध अष्टमी धरावी. रविवार आहे. त्या दिवशी समुद्र शांत असतो, रावसाहेबांना बोटीचा त्रास होणार नाही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुरुजींनी पंचांग काढलं, शेट म्हणाले, “बेस छे, बेस!” आणि हे म्हणाले, “हिला समुद्राचं कळतं बरं का.” २२ नोव्हेंबर ठरली.

ठमीचं नाव मी घेतलं नाही. आता लिहिताना लाज वाटते. पण तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरं केलं. माजं नाव कशाला ते?”

१७ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीत लिहायला झालं नाही. चकल्या मऊ पडल्या, यापलीकडे घडलंही काही नाही.

रावसाहेबांचं होकाराचं पत्र आलं. ते ‘स्वावलंबन’ या विषयावर बोलतील. कमानीचं काम गुरुजींकडे, वाजंत्री शेटकडे, ओवाळणं माझ्याकडे, आणि शेवटी आभार. वाचनालयासाठी एकशे बेचाळीस पुस्तकं जमली आहेत. त्यांतली एकतीस एकाच पुराणाचे विसावे अध्याय आहेत. लोक घरातलं सुटलं-तुटलं तेवढं देतात. तरी मी प्रत्येकाला कव्हर घातलं. सगुणा डाव्या हाताने खळ लावायला येते. तिचा उजवा हात वाकडा बसलाय. पाटी उचलताना आता तिला डोकं हाताकडे न्यावं लागतं.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे.

कव्हरं घालताना सगुणाला सहज विचारलं, तुम्हांला भरती कधी येणार हे कसं कळतं गं, पंचांगात तर लिहिलेलं नसतं. ती हसली. “तितीची पाऊनपट करायची, वैनी. तितक्या वाजता भरती. आज पंचमी, म्हंजे पावनेचारला.”

मी मनातल्या मनात अष्टमीचा हिशेब केला. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला पूर्ण ओहोटी. बोट बाराला!

अठ्ठावीस वर्षं समुद्राकाठी राहिले. एकादशी, चतुर्थी, प्रदोष एक चुकला नाही. तिथी मला खाण्यापिण्यासाठी ठाऊक होत्या; पाण्यालाही तिथी असते हे आज कळलं. आणि गुरुजींना, शेटना, यांना तरी कुठे कळलं? पण जो खांद्यावर बसून उतरतो त्याला भरती काय आणि ओहोटी काय, सारखीच.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळीच यांना सांगितलं. हे दाढी करीत होते. “असेना ओहोटी. गुणाजी आणि मंडळी आहेत ना. रावसाहेबांना अल्लद आणतील,” म्हणाले आणि दुसरा गाल फुगवला.

दुपारी ठमीला सांगितलं. तिचे डोळे एवढे मोठे झाले. तिने सुरी खाली टाकली आणि गालावर हात मारून घेतला. “अगो बाय माज्ये! व्हय की! बाराला तर निसता चिखल! माज्या कसं ध्यानान न्हाय आलं?”

मला तिची दया आली. साठीकडे झुकली आहे. जन्म समुद्रावर काढलेल्या बाईला आता भरती-ओहोटीसुद्धा आठवू नये! मी तिची समजूत घातली, यात तुझा काही दोष नाही, चूक माझीच, मी नीट विचारायला हवं होतं. ती पदराने तोंड पुसत होती. खांदे हलत होते. फार मनाला लावून घेतलं बिचारीने.

२१ नोव्हेंबर, शनिवार

ठमी आज सकाळी दारात उभ्याउभ्या सांगून गेली: उद्या कोळीवाड्यात एकही पुरुष नाही. पलीकडे कुणाच्या तरी पोराची हळद आहे. हिरामण, गुणाजी, सगळे आज संध्याकाळच्या भरतीबरोबर जाणार. होडी बायकाच वल्हवतील.

तुळशीचं लग्न व्हायच्या आधी हळद कशी, हे मला कळेना. त्यांची रीत निराळी असेल.

मी यांना सांगायला पडवीत गेले. अजून वेळ होता. वाडीतले चार गडी सांगून ठेवता आले असते. हे आरामखुर्चीत बसून स्वागताच्या भाषणात ‘लोकाग्रणी’ या शब्दाऐवजी काय घालावं याचा विचार करीत होते. मला बघून म्हणाले, “काय गं?”

मी म्हटलं, “काही नाही. चहा घेणार का, विचारायला आले.”

असं का केलं, ते खरं लिहिते. दारातून मला सगुणा दिसत होती. ती झाडू मारत होती, डाव्या हाताने. सासूबाईंनी दिलेला चेहरा मी जन्मभर दुसऱ्यांच्या सोयीसाठी वापरला. आज पहिल्यांदा आपल्या कामासाठी वापरला. तो चांगला टिकला. यांनी चहा घेतला, त्यात साखर नाही हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

मी पापी आहे की पुढारी, हे पुस्तकात बघितलं. चाळीस लक्षणांत ‘न सांगणे’ हे लक्षण नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार. कार्तिक शुद्ध अष्टमी

रात्र फार झाली आहे. तरी आजच लिहायला हवं.

अकरा वाजल्यापासून सगळे काठावर. कमानीखाली हे, गुरुजी, शेट आणि मी ओवाळणीचं ताट घेऊन. वाजंत्री सनई तोंडाला लावूनच बसले होते. समोर पाण्याचा पत्ता नाही. दोन शेतं बसतील एवढा चिखल उन्हात चकाकत होता, त्यात खेकडे फिरत होते.

बाराला बोट दूर दिसली. होडी गेली, रावसाहेबांना घेऊन आली आणि चिखलाच्या कडेला टेकून राहिली. ठमी वल्ह्यावर होती, तिच्याबरोबर जनी, केसर, तुळशी आणि आणखी चारपाच जणी.

हे पुढे होऊन ओरडले, “गुणाजी कुठाय?”

ठमीने होडीतूनच उलट ओरडून सांगितलं, “हळदीला गेलाय जी! आमी आनतो सायेबाला! मी डोकं धरते, केसर पाय धरल!”

“नाही, नाही, नाही!” हा रावसाहेबांचा आवाज. सभेत त्यांचा आवाज मी नेहमी ऐकते, पण इतका मनापासून कधी ऐकला नव्हता.

मग पंधरा मिनिटं ते होडीत उभे राहिले. वाजंत्र्यांनी बोट दिसताच वाजवायला सुरुवात केली होती, त्यांची छाती भरून आली. शेट त्यांना हातांनी खूण करून थांबवत होते, त्यांना ती ‘आणखी जोरात’ अशी वाटत होती. अखेर रावसाहेबांनी पंपशू काढून हातात घेतले, धोतर खोचलं, आणि उतरले. गुडघ्यापर्यंत गेले. दुसरं पाऊल टाकलं, मांडीपर्यंत गेले. कोट, जरीची पगडी आणि खाली चिखल असे ते मधोमध उभे होते. उन्हात एक खांब रोवल्यासारखे.

“पाय उपटू नका सायेब, सरकवा!” ठमीने सांगितलं. “हितं घाला. हितं न्हाय, हितं कालवं हायत. घातलात? मी सांगत व्हते ना!”

“बाई, हात द्या!”

“कोन मी? मगाशी तर नको बोल्लात!”

केसर म्हणाली, “ठमे, दे गो हात. वाळून जाईल मानूस.”

काठावर कुणी हलेना. हे म्हणाले, “काहीतरी केलं पाहिजे,” आणि कमानीचा खांब घट्ट धरला. गुरुजी म्हणाले, “फळ्या आणवाव्यात का?” शेट म्हणाले, माझा कोट नवा आहे.

मी ताट यांच्या हातात दिलं, काष्टा वर खोचला आणि चिखलात उतरले.

ते धाडस नव्हतं. मला वाटलं, तारीख माझी, मग चिखलही माझाच. नववधू म्हणून मी या गावी आले ती भर भरतीला, होडीतून थेट कोरड्या दगडावर; आमच्या घरच्या बायका भरती बघून निघतात. या चिखलात पाय मी आज पहिल्यांदा घातला. तो वरून ऊन आणि आत थंड असतो. तो पाय धरतो, सोडताना आवाज करतो. बारा पावलांवर मला काहीतरी कापलं आणि वीस वर्षं रोज म्हावरं घालायला येणारी ठमी दाराशी पाय धुवायला इतका वेळ का लावते, ते कळलं. मी तिला दोन-तीनदा म्हटलंसुद्धा होतं, “किती गं तुझं पाणी ओतणं!”

रावसाहेबांपाशी पोचले. माझ्याकडे बघून ते म्हणाले, “कोण? मिसेस दिघे?” बहुधा माझा आवाज नसताना त्यांनी मला कधी ओळखलं नव्हतं, आणि आवाज फक्त आभारांचा. मी एक हात धरला, ठमीने दुसरा. पुढे जनी, मागे केसर. अशी आमची मिरवणूक निघाली. उजवा पंपशू वाटेत गेला. ठमी कोपरापर्यंत हात घालून तो शोधू लागली तर रावसाहेब रडकुंडीला येऊन म्हणाले, “राहू दे हो बाई, राहू दे.” काठावर यायला पाऊण तास लागला. हे अजून ताट धरून उभे होते. यांनी मला, रावसाहेबांना आणि चुकून ठमीलाही ओवाळलं.

समारंभ झाला. रावसाहेबांनी यांचं धोतर नेसलं होतं, तळव्यांना मी हळद भरून फडकी बांधली होती. ‘राष्ट्राने आपल्या पायांवर उभे राहिले पाहिजे’ हे त्यांनी खुर्चीत बसून सांगितलं. भाषण सात मिनिटांत संपलं. एरवी ते तासाखाली येत नाहीत.

मग आभार. मी उभी राहिले. माझ्या काष्ट्याला चिखल वाळला होता, पाऊल ठणकत होतं. नेहमीचं वाक्य तोंडात आलं, “रावसाहेबांनी अमूल्य वेळ काढून,” आणि तिथेच थांबले. पुढचं कसं सुचलं ते मला माहीत नाही. मी म्हटलं, “रावसाहेब आज ज्या वाटेने आले त्या वाटेने आमच्या गावच्या बायका रोज दोनदा येतात, डोक्यावर पाटी घेऊन. अकरा वर्षं त्यांचे आभार मानायचे राहिले होते. ते आज मानते.”

आणि बसले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागे भिंतीपाशी कोळणी उभ्या होत्या. सगुणा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. ठमी आढ्याकडे बघत होती. रावसाहेब स्वतःच्या पायांकडे.

ते बैलगाडीने गेल्यावर हे म्हणाले, “आज तुझा चेहरा काही निराळाच दिसत होता.”

“कसा?”

यांनी बराच विचार केला. “काहीतरी वाचल्यासारखा.”

मी आत जाऊन पाय धुतले. खूप पाणी लागलं.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

पाऊल सुजलं आहे. ठमीने कसला पाला बांधला. मी विचारलं, हळद कशी झाली? “कंची हळद?” म्हणाली. मग म्हणाली, “ती व्हय. बरी झाली.” वयाचा परिणाम.

३० नोव्हेंबर, सोमवार

बोर्डाची सभा. रावसाहेब नवे पंपशू घालून लंगडत आले. पहिलाच विषय त्यांनी स्वतः काढला. ‘बंदरावरील स्त्रियांचे हाल ही गोष्ट अनेक वर्षांपासून माझ्या मनाला टोचत आहे,’ असं ते म्हणाले. मनाला म्हणाले, टोचलं कुठे ते आम्हां दोघांना माहीत. दगडी धक्का, संक्रांतीच्या आत काम सुरू, धक्क्याला अध्यक्षांचं नाव. कुणी चर्चा केली नाही. “अनुमोदन?” असं विचारल्यावर मी हात वर केला. अनंताने सवयीने माझ्या नावापुढे ‘आभार’ लिहिलं होतं, ते त्याला खोडावं लागलं.

घरी परतताना गाडीत हे म्हणाले, “बघितलीस रावसाहेबांची दूरदृष्टी?”

मी म्हटलं, “हो.”

चेहरा पुन्हा जुनाच वापरला. पण आता तो थोडा सैल बसतो.

२ डिसेंबर, बुधवार

ठमीला बातमी सांगितली. मला वाटलं होतं ती नाचेल. ती कोलंबी सोलत होती, तशीच सोलत राहिली. “झाला काय? बरं झालं.” धक्क्याला रावसाहेबांचं नाव लागणार म्हटल्यावर मात्र हसली. “लागूं दे. नावाला काय, नाव चिखलान घसरत न्हाय.”

मी म्हटलं, “ठमे, माझी चूक झाली म्हणून सगळं जमून आलं बघ. देवाची करणी.”

“व्हय व्हय. देवाचीच.” तिने टरफलं गोळा केली. उठताना विचारलं, “वैनीबाय, आपल्या गावान डाकतर येत न्हाय. तो सरकारी डाकतर, त्याला कदी बोलवायचं असलं तर मला इचारा. मी चांगली तित सांगेन.”

तिला तिथींचा भारी नाद.

६ डिसेंबर, रविवार

मन लागत नाही. फाल्गुनात माझी जागा संपेल. पुस्तक वाचून संपलं; चाळीस लक्षणांची ठमीशी ताडणी करून पाहिली. वक्तृत्व सोडून एकोणचाळीस जुळतात. मग वाटलं, वक्तृत्वही जुळतंच. फक्त ती ते म्हावरं साफ करताना करते. यांना विचारलं असतं तर हे हसले असते, म्हणून न विचारता अर्ज लिहिला. नक्कल इथे ठेवते.

“रा. रा. अध्यक्षसाहेब यांचे सेवेशी,

सौ. नीराबाई दत्तात्रेय दिघे यांचा नमस्कार. पायाची जखम भरून आली असेल अशी आशा आहे. आपला उजवा पंपशू पौर्णिमेच्या उधाणाने वर आणून टाकला, तो सोबत पाठवीत आहे. वाळवला आहे, पण वास जाणार नाही.

माझी मुदत संपल्यावर बोर्डावरील स्त्रीच्या जागी आमच्या गावच्या ठमी कोम हिरामण कोळी यांची शिफारस आपण सरकारकडे करावी. बाई अत्यंत साधी आहे. तिला डावपेच कळत नाहीत. अक्षरओळख नाही, परंतु वर्तमानपत्र दररोज ऐकते. मधून मधून विसरते, हा तिचा एकच दोष. आपण शांत बाई मागाल हे मला ठाऊक आहे, आणि ती शांत राहील अशी हमी मला देता येत नाही. पाण्याकडे मात्र ती बघेल.

आपण नाही म्हणाल. गेल्या अकरा वर्षांचं दप्तर वाचलं असल्याने आपल्या नकाराचे शब्दसुद्धा मला पाठ आहेत, तेव्हा ते लिहिण्याचे श्रम घेऊ नयेत. फक्त तिला घेणे जमणार नसेल, तर निदान पुढील सभेची तारीख तिला विचारून ठरवावी, ही विनंती.”